प्रत्यय कोण लावतो?

बालिश, मालिश, पॉलिश, इंग्लिश. मराठी माणसाच्या तोंडी हे चारही शब्द रोजचे आहेत आणि चारांचा शेवट कानाला एकसारखाच लागतो. घराणी मात्र चार वेगळी. 'बालिश' हा जुना संस्कृत शब्द, 'बाल'च्या गोतावळ्यातला. 'मालिश' फारसी, तिथे क्रियापदाला '-इश' जोडून नाम करण्याची रीत आहे आणि 'फर्माईश' त्याच रीतीने झालेली. आपले 'बक्षीस'सुद्धा मुळात फारसी 'बख्शिश', मराठीत येताना 'श'चा 'स' झालेले. 'पॉलिश' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. 'फिनिश', 'पनिश', 'व्हॅनिश' ही क्रियापदे त्याच वाटेची, आणि त्यांच्यातला '-इश' म्हणजे फ्रेंच क्रियापदांच्या रूपावळीतला मागे उरलेला तुकडा. राहिला 'इंग्लिश'. त्याचा '-इश' अस्सल जर्मानिक, बाकीच्या तिघांशी काडीचाही संबंध नसलेला. इंग्रजी 'चाइल्डिश' आणि आपला 'बालिश' अर्थानेही जुळतात आणि शेवटानेही, त्यामुळे दोघांचे मूळ एकच असावे असे सहज वाटून जाते. पण तो निव्वळ योगायोग आहे.

मला लिहायचे आहे ते या चौथ्या '-इश'विषयी. नामाला किंवा विशेषणाला जोडून नवे विशेषण घडवणारा हा प्रत्यय इंग्रजीच्या सर्वांत जुन्या लिखाणापासून आजपर्यंत एकदाही कामावरून उतरलेला नाही. सुरुवातीला तो एकच गोष्ट सांगे: हा माणूस, ही वस्तू, ही भाषा कोणत्या लोकांची. आज तो बहुतेक वेळा सांगतो, साधारण तसे, पण अगदी तसे नव्हे. ओळख पक्की करणारा प्रत्यय ओळख सैल करणारा कसा झाला, हा प्रश्न व्याकरणाची पुस्तके दोन ओळींत उरकतात. तो एवढ्यात उरकणारा नाही. या प्रत्ययाचा इतिहास जवळून पाहिला की बहुतेक वळणांवर एकच गोष्ट निर्णायक ठरताना दिसते: तो कोण, कोणाला लावतो आहे. दुसऱ्याने लावला की त्याचा शिक्का होतो. माणसाने आपणहून स्वतःला लावून घेतला की त्याच प्रत्ययात त्याला मोकळीक मिळते.

जर्मानिक भाषांच्या समान पूर्वजात त्याचे रूप '-इस्क'च्या जवळचे होते. चौथ्या शतकात बिशप उल्फिलाने बायबल गॉथिक भाषेत नेले. त्या भाषांतरात 'गुडिस्क्स' म्हणजे 'दैवी' असा शब्द येतो. 'मान' म्हणजे माणूस, त्यावरून माणसाचे, मानवी असे विशेषण झाले, आणि त्याच विशेषणाचे पुढे नाम होऊन आजचा जर्मन 'मेन्श' तयार झाला. त्यातला 'मान' आणि आपल्या 'मनुष्य'मधला 'मनु' यांचे मूळ एक मानले जाते. प्रत्यय मात्र निराळे. रशियन-पोलिश आडनावांच्या शेवटी येणारा '-स्की' आणि ग्रीकांचा '-इस्कोस' हेही '-इश'चे भाऊबंद, असे तौलनिक भाषाशास्त्र मानते. ग्रीकांनी तो लहानपण दाखवायला वापरला. 'अ‍ॅस्टरिस्क' म्हणजे छोटा तारा, 'ऑबेलिस्क' म्हणजे छोटी सळई. एका घरी 'अमक्यांचा' सांगणारा प्रत्यय दुसऱ्या घरी 'लहानगा' सांगत होता, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ब्रिटनमध्ये आलेल्या टोळ्यांपैकी एकीचे नाव 'अँगल'. त्यांची ती 'एंग्लिश'. 'अ'चा 'ए' झाला तो याच प्रत्ययामुळे. पुढे 'इ' येणार याची चाहूल जिभेला आधीच लागते आणि अलीकडचा स्वर उच्चारतानाच ती टाळूकडे सरकते. 'फ्रँक' लोकांचे ते 'फ्रेंकिश' झाले आणि झिजून 'फ्रेंच' उरले. 'वेल्श', 'डच', 'स्कॉच' यांतही हाच प्रत्यय आक्रसून बसला आहे. आयरिश, स्कॉटिश, डॅनिश, स्वीडिश यांत तो उघड दिसतो. युरोपच्या वायव्य कोपऱ्यातल्या बऱ्याच लोकांची इंग्रजी नावे अशी एकाच साच्यातली आहेत.

त्यांपैकी 'डच' या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. 'थेओद' म्हणजे लोक, आणि त्याला हा प्रत्यय लागून झालेला शब्द म्हणजे लोकांची, लॅटिन न येणाऱ्या साध्या माणसांची भाषा. ७८६ साली ओस्टियाचा बिशप जॉर्ज पोपचा दूत म्हणून इंग्लंडात गेला होता. तिथल्या धर्मसभांविषयी त्याने पोप पहिला एड्रियन यांना जो अहवाल धाडला त्यात म्हटले आहे की ठराव लॅटिनमध्ये आणि 'थिओडिस्के', म्हणजे लोकभाषेतही, वाचून दाखवले, सर्वांना समजावेत म्हणून. जर्मन लोक आज स्वतःच्या भाषेला 'डॉइच' म्हणतात, तो शब्द भाषेचे नाव म्हणून आल्याची ही सर्वांत जुनी लेखी नोंद. आणि तिथे तो जर्मनांच्या भाषेसाठी आलेलाच नाही, इंग्लंडमधल्या बोलीसाठी आला आहे. लॅटिन जाणणाऱ्याने, लॅटिन न जाणणाऱ्यांच्या बोलीला, वरून खाली पाहत दिलेले ते नाव होते. पुढच्या काही शतकांत त्या बोली बोलणाऱ्यांनीच ते आपले म्हणून उचलले, आणि त्यातून एका देशाचे नाव उभे राहिले. मराठी वाचकाला इथे 'प्राकृत' हा शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. पंडितांनी सामान्यांच्या भाषेला दिलेले हे नाव एकनाथांनी आपल्या मराठीसाठी ताठ मानेने वापरले.

'वेल्श'ची गोष्ट इतकी सुखाची नाही. 'वाल्ह' हा जर्मानिक लोकांचा परक्यांसाठीचा शब्द. अक्रोडाला इंग्रजीत 'वॉलनट' म्हणतात तेही परमुलखातले फळ म्हणूनच. अँग्लो-सॅक्सन टोळ्या पाचव्या शतकात ब्रिटनमध्ये उतरल्या आणि आधीपासून तिथे राहणाऱ्यांनाच परके म्हणू लागल्या. त्या लोकांना स्वतःचे नाव नव्हते असे नाही. ते स्वतःला 'कम्री' म्हणत आणि आजही म्हणतात. त्याचा अर्थ साधारण एका मुलखाचे लोक, देशबांधव. पण कायदे लिहिण्याची सत्ता ज्यांच्या हाती गेली त्यांचा शब्द टिकला. वेसेक्सचा राजा इने ६८८ साली गादीवर आला. त्याच्या कायद्यांत, माणूस मारला गेला तर मारणाऱ्याने त्याच्या नातलगांना किती रक्कम द्यायची हे ठरवून दिलेले आहे. स्वतंत्र पण सामान्य सॅक्सन शेतकऱ्याची किंमत त्या राज्यात २०० शिलिंग होती. एक 'हाइड' जमीन, म्हणजे एका कुटुंबाचे पोट भरेल एवढी, बाळगून असलेल्या 'वेल्श' माणसाची १२०. अर्धी हाइड असेल तर ८०, आणि जमीन नसेल तर ६०. शेत, घाम, अवजारे सगळे सारखे असताना नुसत्या विशेषणाने माणसाच्या जिवाचे ८० शिलिंग कमी होत होते. प्रत्यय लावणे ही भाषेतली निरुपद्रवी खटपट आहे असे कोणी म्हणू लागले, तर त्याला हे कलम वाचायला द्यावे.

त्या २०० शिलिंगवाल्या शेतकऱ्याला प्राचीन इंग्रजीत 'चेओर्ल' म्हणत. त्याच्याशी संबंधित ते 'चेओर्लिश', एवढाच साधा अर्थ. उमराव नव्हे, गुलामही नव्हे, मधल्या दर्जाचा स्वतंत्र माणूस. १०६६ साली नॉर्मन आले, जमिनी बड्या सरदारांकडे गेल्या, आणि हा शेतकरी हळूहळू जमिनीला बांधलेला कूळ झाला. त्याची पत गेली तशी त्याच्या विशेषणाचीही गेली. आजच्या इंग्रजीत 'चर्लिश' म्हणजे उर्मट, रीतभात नसलेला, कद्रू मनाचा. 'बूरिश'चेही तेच: त्यातला 'बूर' शब्दाने डच भाषेतल्या शेतकऱ्याचा भाऊ आहे, आणि 'बूरिश' म्हणजे गावंढळ. शेतकऱ्याने आपल्याच वर्गाला असभ्य म्हटले असेल हे संभवत नाही. हे अर्थ गढीवरून उतरलेले आहेत.

'चाइल्डिश' प्राचीन इंग्रजीत फक्त 'मुलाचे, बालपणीचे' असे सांगत असे. दोष त्यात नंतर शिरला, आणि तो कोणी शिरवला हे उघड आहे: मुले स्वतःला चाइल्डिश म्हणत नाहीत, मोठी माणसे एकमेकांना म्हणतात. त्यात चांगला अर्थ शिल्लक राहिला नाही तेव्हा निरागसपणासाठी 'चाइल्डलाइक' असा दुसरा शब्द पुढे आणावा लागला. बायकांच्या बाबतीत तर भाषेने दोन वेगळे दरवाजे केले. 'वुमनली' म्हणजे स्त्रीला शोभणारे, 'वुमनिश' म्हणजे बायकी. आणि हे दुसरे विशेषण बहुतेक वेळा पुरुषाला हिणवायला वापरले गेले, म्हणजे एका शब्दात दोघांचा अपमान. 'मॅनली' आणि 'मॅनिश' हीसुद्धा तशीच जोडी. 'मॅनिश' बाईला म्हणायचे, तिने आपली पायरी सोडली असे सुचवायला. '-ली' हा प्रत्यय मुळात 'देह, रूप' अशा अर्थाच्या स्वतंत्र शब्दापासून आला. त्यामुळे तो असलेल्या गुणाकडे बोट दाखवतो. '-इश' गटाकडे बोट दाखवतो. आणि माणसाला त्याच्या गटावरून ओळखायचे ठरले की त्या गटाविषयी बोलणाऱ्याच्या मनात जे काही असेल ते सगळे विशेषणात उतरते. 'सेल्फिश' हा शब्दसुद्धा सतराव्या शतकाच्या मध्यास प्रेस्बिटेरियन पंथीयांनी घडवला, असे बिशप हॅकेटने नोंदवले आहे. नवे दूषण हवे होते तेव्हा धर्मोपदेशकांचा हात आपसूक याच प्रत्ययाकडे गेला, यावरून तो तोपर्यंत किती डागाळला होता हे कळते.

हे सगळे सरसकट खरे नाही, हेही मान्य केले पाहिजे. 'डॅनिश'मध्ये हेटाळणी नाही, 'स्वीडिश'मध्ये नाही, आणि 'इंग्लिश'मध्ये तर नाहीच. पण ही नावे ज्यांची, त्यांच्याकडे राज्य होते, सैन्य होते, स्वतःची कागदपत्रे होती. ज्यांच्याकडे यांपैकी काही नव्हते त्यांच्याच नावांना काळिमा लागला. प्रत्यय एकच, पण तो कोणाच्या पाठीवर बसतो यावर त्याचे वजन ठरते.

आपल्याकडे काय वेगळे आहे? 'बायकी', 'पोरकट', 'खेडवळ', 'गावठी' ही विशेषणे कोणी घडवली असतील हे सांगायला भाषाशास्त्र लागत नाही. मुंबईत 'घाटी' म्हणजे घाटावरचा, एवढाच व्याकरणाने होणारा अर्थ. पण तो शब्द ज्या स्वरात उच्चारला गेला तो गिरणगावात, हमालांच्या नाक्यांवर पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्यांना विचारावा. गोव्यातही घाटापलीकडून मजुरीला येणाऱ्यांना तसेच संबोधले जाते. त्याउलट 'गावठी'चे नशीब गेल्या काही दशकांत पालटलेले दिसते. शहरातल्या बाजारात गावठी अंडी पोल्ट्रीच्या अंड्यांपेक्षा महाग मिळतात, गावठी कोथिंबीर म्हणून जुडी चार पैसे जास्त घेऊन विकली जाते, आणि विकणारी बाई तो शब्द आता स्वतः ओरडून सांगते. वस्तूला मान मिळाला. 'गावठी' म्हटलेल्या माणसाला तो अजून मिळालेला नाही.

'-इश'ची एक सख्खी बहीण आहे आणि तिचे आयुष्य पाहिले की दर्जाचा हा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. जर्मानिक टोळ्यांच्या तोंडचा हाच प्रत्यय इटलीत '-एस्को' झाला, फ्रेंचांनी त्याचा '-एस्क' केला, आणि सोळाव्या शतकापासून तो कला-वास्तूंच्या शब्दांतून इंग्रजीत आला. 'ग्रोटेस्क' हा शब्द पाहा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये लोक जमिनीखाली गाडल्या गेलेल्या काही दालनांत दोराने उतरले. ती सम्राट नीरोच्या महालाची होती, पण वर माती साचल्याने गुहांसारखी भासत, आणि गुहेला इटालियनमध्ये 'ग्रोट्टा' म्हणतात. मशालींच्या उजेडात भिंतींवर चित्रे दिसली: वेलीतून निघणारे माणसाचे धड, पंख फुटलेले पशू, फुलात संपणारे चेहरे. राफाएलसारख्या चित्रकाराने त्यांवरून आपल्या सजावटी केल्या. 'गुहेतली' एवढाच शब्दार्थ असलेले हे विशेषण एका कलाशैलीचे नाव झाले. 'अ‍ॅरबेस्क', 'रोमनेस्क', 'पिक्चरेस्क' ही त्याच पंगतीतली. आज इंग्रजी समीक्षक एखाद्या कादंबरीला 'काफ्काएस्क' म्हणतो तेव्हा तो तिला मोठ्या लेखकाच्या शेजारी बसवत असतो. त्याच जागी '-इश' लावला तर उसनेपणाचा वास येईल. मूळ एकच आहे. एक घरी राहिला आणि शेतकरी-पोरे-बायका यांच्या नावांना चिकटला. दुसरा इटली-फ्रान्समधून, चित्रकार आणि वास्तुकारांच्या संगतीने आला म्हणून मानाचा ठरला. प्रत्ययाच्या ध्वनीत किंवा व्युत्पत्तीत या मानापमानाचे काहीच कारण सापडत नाही.

'-इश'चा दुसरा अर्थ मात्र सत्तेतून आला असे मला म्हणता येणार नाही. तो रंगांतून आला. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजी लिखाणात 'रेडिश', 'ब्लूइश' असे शब्द दिसू लागतात: तांबूस, निळसर. 'अमक्या गटाचा' या अर्थाला इथे नवे काम मिळाले. तांबडा आणि तांबूस यांच्यामध्ये निसर्गाने रेघ मारलेली नाही. पिकत चाललेल्या आंब्याचा रंग कोणत्या घटकेला हिरवट राहत नाही आणि पिवळसर होतो, हे दोन माणसे वेगवेगळे सांगतील आणि दोघेही खरे बोलत असतील. म्हणून मराठीनेही इथे प्रत्ययांची चंगळ केली आहे. हिरवट, निळसर, तांबूस, पांढुरका, काळपट: प्रत्येक रंगाला आपापला प्रत्यय, आणि 'काळसर' म्हणजे 'काळपट' नव्हे हे लहान मुलालाही कळते. इंग्रजीकडे या सगळ्यांसाठी एकटा '-इश' होता. रंगांवरून तो उंची, वय, चव यांवर गेला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकड्यांवर पोचला: 'सेव्हनिश', सातच्या सुमारास, 'फॉर्टीइश', चाळिशीच्या आसपासचा.

या वळणावर प्रत्ययाची दिशाच फिरली आहे. 'वेल्श', 'चर्लिश' म्हणणारा दुसऱ्याविषयी ठामपणे बोलतो. 'सेव्हनिश' म्हणणारा स्वतःच्या माहितीची मर्यादा सांगतो. जेवायला बोलावणारा 'सातच्या सुमारास या' म्हणतो तेव्हा तो पाहुण्याला दहा-पंधरा मिनिटांची मुभा देतो आणि आपल्यालाही. आपण 'दहाएक माणसे होती' म्हणतो तेव्हा 'एक' हा सर्वांत नेमका आकडाच अंदाजाच्या कामाला लावतो, हेही किती सुंदर आहे. १९८०च्या दशकापासून तर इंग्रजीत हा प्रत्यय शब्दावरून सुटून एकटाच बोलला जाऊ लागला. 'भूक लागली आहे का?' 'इश.' म्हणजे लागल्यासारखी आहे. भाषाशास्त्रात अशी घटना विरळा. आंत्वान मेये यांनी १९१२ साली 'व्याकरणीकरण' ही संकल्पना मांडली तेव्हापासून अभ्यासकांचा अनुभव असा की स्वतंत्र शब्द झिजून प्रत्यय होतात. 'देह'वाचक शब्दाचा '-ली' झाला तसे. प्रत्यय सुटून शब्द झाल्याची उदाहरणे थोडी, आणि त्यांत हे ठळक आहे. मला त्याचे फारसे नवल वाटत नाही. बोलणाऱ्याला आपल्या उत्तरातला अनिश्चितपणाच मुख्य वाटू लागला की तो दाखवणारा तुकडा स्वतंत्र उभा राहणारच.

अशा अंदाजी भाषेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: ती जबाबदारी टाळते. आक्षेपात तथ्य आहे. पुलाचा खर्च किती झाला, धरणात पाणी किती आहे, आगीत किती माणसे गेली, हे ज्याला माहीत असायला हवे त्याने 'सुमारे' म्हणून वेळ मारून नेली तर तो अपराध आहे. मोजता येते ते मोजून सांगितलेच पाहिजे. पण माणसाची ओळख ही पुलाच्या खर्चासारखी मोजायची गोष्ट नाही, आणि जेव्हा जेव्हा ती तशी मोजली गेली तेव्हा काय झाले हे विसाव्या शतकाने पाहिले आहे. १९३५ साली नाझी राजवटीने न्यूरेंबर्गचे कायदे केले. चार आजी-आजोबांपैकी तीन किंवा चार ज्यू असतील तर माणूस ज्यू. दोन किंवा एकच असेल तर बहुधा 'मिश्र', त्यातही पहिल्या आणि दुसऱ्या दर्जाचा. आजोबा-आजींच्या धर्माचे दाखले चर्चच्या वह्यांतून काढून हे ठरवले जाई. माणूस स्वतःला काय समजतो, याला किंमत नव्हती. 'साधारण', 'थोडासा', 'माझ्यापुरता' असे म्हणण्याची जागा कायद्याने पुसून टाकली.

म्हणून १९६० साली एडिंबरोत सुरू झालेल्या 'बियाँड द फ्रिंज' या गाजलेल्या प्रहसनात जोनाथन मिलर यांनी 'ज्यूइश' हा शब्द मध्ये तोडून उच्चारला, आपण ज्यू नाही, फक्त 'ज्यू-इश' आहोत असे सुचवले, तो क्षण मला नुसत्या कोटीपेक्षा मोठा वाटतो. मिलर १९३४ साली लंडनमधल्या ज्यू घरात जन्मले. त्यांच्या लहानपणी समुद्रापलीकडे याच शब्दावर माणसांचे जगणे-मरणे ठरत होते. त्याच शब्दातला हजार वर्षांचा जुना '-इश' त्यांनी एका विरामाने नव्या '-इश'मध्ये बदलला: अमक्या लोकांचा, ऐवजी अमक्या लोकांच्या जवळपासचा. किती जवळ, हे आपण ठरवू, असे त्यात होते. २०१४ साली अमेरिकेत एबीसी वाहिनीवर केनिया बॅरिस यांची 'ब्लॅक-इश' ही मालिका सुरू झाली. सुखवस्तू उपनगरात राहणाऱ्या कृष्णवर्णीय बापाला वाटत राहते की आपली मुले पुरेशी 'ब्लॅक' राहिलेली नाहीत. हाच शब्द एखाद्या गोऱ्या माणसाने त्या मुलांना लावला असता तर तो अपमान ठरला असता. घरातच विचारला, म्हणून तो प्रश्न झाला.

त्याहूनही पुढचे पाऊल लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी १९८३ साली टाकले. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय आया आपल्या मुलींना 'वुमनिश' म्हणत, आणि त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ गोऱ्या इंग्रजीतल्या अर्थाच्या उलटा होता: वयापेक्षा धीट, जाणती, मोठ्या बाईसारखी वागणारी. रागावलेल्या आईच्या शब्दातही कौतुक असे. वॉकर यांनी त्यावरूनच 'वुमनिस्ट' हा शब्द घडवून आपल्या स्त्रीवादाला दिला. पाश्चात्त्य स्त्रीवादात ज्यांना आपले घर दिसत नव्हते अशा कितीतरी जणींनी तो स्वीकारला. शतकानुशतके पुरुषांनी हिणवण्यासाठी वापरलेले विशेषण आयांच्या बोलीत बदलले होते. लेखिकेने ते ओळखले आणि कागदावर आणले.

स्वतः लावलेला प्रत्यय नेहमी खराच असतो, असे मात्र नाही. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आलेले जॉर्ज सँटोस यांनी आपले आजी-आजोबा नाझी छळातून निसटलेले ज्यू असल्याचे प्रचारात सांगितले होते. कागदपत्रांतून ते खोटे निघाले तेव्हा त्यांनी मिलर यांच्याच कोटीचा आधार घेतला: मी ज्यू आहे असे म्हटले नव्हते, 'ज्यू-इश' म्हटले होते. स्वतःची ओळख सैल ठेवण्याचा हक्क आणि दुसऱ्यांच्या यातना आपल्या खात्यावर घेण्याचा प्रयत्न यांत फरक आहे. पहिल्यात माणूस आपल्या आयुष्याविषयी बोलतो, दुसऱ्यात न जगलेल्या आयुष्याची किंमत वसूल करतो. माझे म्हणणे या उदाहरणाने मोडत नाही, पण त्याला मर्यादा पडते आणि ती पडायलाच हवी.

सरकारी अर्जांना अजूनही हा सैलपणा अवघड जातो. २००१च्या ब्रिटिश जनगणनेत वांशिक ओळख विचारणाऱ्या प्रश्नात स्कॉटलंडमधल्या अर्जावर 'स्कॉटिश' ही चौकट होती, वेल्समधल्या अर्जावर 'वेल्श' ही चौकट नव्हती. वेल्समध्ये त्यावर मोठी नाराजी उठली. ज्या शब्दाने त्यांना त्यांच्याच भूमीत परके ठरवले होते, जो इनेच्या कायद्यात ८० शिलिंगांची घट घेऊन आला होता, तोच आपला म्हणून छापलेला त्यांना हवा होता. २०११च्या अर्जात राष्ट्रीय ओळखीचा स्वतंत्र प्रश्न आला. त्यात 'वेल्श' आणि 'इंग्लिश' या चौकटी आल्या, आणि एकीहून अधिक चौकटींत खूण करायला परवानगी होती. ज्याला दोन्ही लागू वाटत होते, त्याने दोन्हींत केली.